तेल तिथले, थकबाकी इथली: वागळे इस्टेटमधील एका यंत्रनिर्मात्याचे प्रकरण

पार्श्वभूमी

ठाण्याच्या वागळे इस्टेटमध्ये पाऊच भरण्याची यंत्रे बनवणारा एक मध्यम आकाराचा कारखाना आहे. या प्रकरणातील कंपनीची आणि व्यक्तींची ओळख पटू नये म्हणून नावे दिलेली नाहीत आणि कंपनीचे आकडे ढोबळ केले आहेत. तेल, चलन आणि देशांच्या अर्थव्यवस्थांविषयीची माहिती मात्र जशी आहे तशीच दिली आहे. संस्थापक मूळचे वेंगुर्ल्याचे. एका मोठ्या कारखान्याच्या टूलरूममध्ये उमेदीची वर्षे घालवल्यानंतर त्यांनी स्वतःचा गाळा घेतला आणि तीस वर्षांत पन्नासेक माणसांचा उद्योग उभा केला. निर्यातीचे काम त्यांची भाची पाहते. कारखान्यात ते सर्वांचे ‘साहेब’ असले, तरी ती त्यांना मामाच म्हणते आणि या प्रकरणातले बहुतेक निर्णय या दोघांच्या चर्चेतूनच झालेले आहेत.

कंपनीचे मुख्य यंत्र पिण्याच्या पाण्याच्या पिशव्या भरते. प्लॅस्टिक फिल्मचा रोल कॉलरवरून खाली ओढला की त्याची नळी होते, मागचा उभा जोड तापून चिकटतो, आडवा जबडा तळ बंद करतो, वरून अर्धा लिटर पाणी पडते आणि तोच जबडा पुन्हा मिटून पिशवीचे तोंड बंद करतो व तिला कापून खाली सोडतो. जबड्यावरची टेफ्लॉनची पट्टी, हीटर आणि पाते ही झिजणारी वस्तू असल्यामुळे एक यंत्र विकले की पुढे कित्येक वर्षे सुट्या भागांची मागणी येत राहते. अशा यंत्रांना भारतात गिऱ्हाईक होतेच, पण २००९ च्या सुमारास कंपनीला लागोसचा एक व्यापारी भेटला आणि चित्र पालटले. नायजेरियात अशा पिशवीतल्या पाण्याला ‘प्युअर वॉटर’ म्हणतात आणि ते चौकाचौकांत, बसथांब्यांवर, डोक्यावर टोपली घेऊन फिरणाऱ्या मुलांकडे मिळते.

पहिली यंत्रे आगाऊ रकमेवर गेली. मग बँकेच्या पतपत्रावर, म्हणजे खरेदीदाराची बँक पैसे देण्याची हमी देते त्या एलसीवर, व्यवहार होऊ लागला. व्यापारी माणूस चोख होता, पैसे वेळेवर येत, आणि विश्वास बसत गेला तसतशी एलसी मागे पडून एकशे ऐंशी दिवसांची उधारी सुरू झाली. २०१४ पर्यंत कंपनीच्या निर्यातीचा दोन तृतीयांश हिस्सा एकट्या नायजेरियात जात होता.

याच वर्षी, एप्रिल २०१४ मध्ये, नायजेरियाने आपल्या राष्ट्रीय उत्पन्नाची मोजणी नव्या आधारवर्षाने केली. नव्या हिशेबात २०१३ चे उत्पन्न ५०० अब्ज डॉलरच्या पुढे गेले आणि दक्षिण आफ्रिकेला मागे टाकून नायजेरिया आफ्रिकेतील सर्वांत मोठी अर्थव्यवस्था ठरला. ही बातमी वाचून संस्थापकांनी व्यापाऱ्याची उधारीची मर्यादा वाढवली. कागदावर या निर्णयाला आधार होता: लोकसंख्या अठरा कोटींच्या आसपास, वाढीचा वेग सहा टक्क्यांच्या वर, आणि हाताशी पाच वर्षांचा चांगला अनुभव. त्या दिवशी कोणी विचारला नाही तो प्रश्न असा की, या देशात डॉलर येतात कुठून?

ही बाजारपेठ मुळात का होती

अडचणीकडे वळण्यापूर्वी या बाजारपेठेचे मूळ पाहिले पाहिजे, कारण कंपनीचे नफे आणि तोटे एकाच मुळातून आले होते. लागोससारख्या प्रचंड शहरात कोट्यवधी लोक पिण्याचे पाणी पिशवीतून विकत घेतात, कारण बहुतेकांच्या घरी नळाला पाणी येत नाही. १९५६ मध्ये ओलोइबिरी येथे तेल सापडलेल्या आणि १९५८ पासून तेलाची निर्यात करणाऱ्या देशाची ही स्थिती आहे.

त्याचे एक कारण पैशाच्या वाटेत दडलेले आहे. नायजेरियात तेलाचा महसूल केंद्राच्या खात्यात जमा होतो आणि दरमहा राज्यांना वाटून दिला जातो. राज्याच्या गव्हर्नरला आपल्या नागरिकांकडून कर गोळा करण्याची फारशी गरज उरत नाही आणि कर न देणारा नागरिकही ‘माझ्या पैशाचे काय केले’ असा जाब हक्काने विचारू शकत नाही. राष्ट्रीय उत्पन्नाच्या तुलनेत नायजेरियाचा करमहसूल जगातील सर्वांत कमी प्रमाणांपैकी एक राहिला आहे. ठाण्यात पाणीकपात जाहीर झाली की मालमत्ता कराची पावती हातात घेऊन लोक प्रभाग कार्यालयात जातात. तो धागाच तिथे कमकुवत आहे. (साधनसंपत्ती असलेल्या भूमीतल्या माणसाला तिचा लाभ मिळतोच असे नाही, हे पाहायला आपल्याला फार लांब जावे लागत नाही. मुंबईला पाणी पुरवणारी भातसा, तानसा आणि वैतरणेची धरणे ज्या शहापूर तालुक्यात आणि त्याच्या आसपास आहेत, तिथल्या गावपाड्यांना उन्हाळ्यात टँकरची वाट पाहावी लागते.)

दुसरे कारण चलनाचे. १९७३-७४ मध्ये तेलाचे भाव चौपट झाले, डॉलरचा ओघ सुरू झाला, देशाचे चलन महाग झाले आणि बाहेरचा माल स्वस्त पडू लागला. त्याआधी उत्तरेतल्या कानो शहरात निर्यातीसाठी रचलेल्या भुईमुगाच्या पोत्यांचे मनोरे प्रसिद्ध होते. पामतेल आणि कोको यांच्या निर्यातीतही देशाचे मोठे नाव होते. दोन दशकांत ते मनोरे दिसेनासे झाले आणि पुढे काडुना व कानोमधल्या कापडगिरण्याही एकेक करून बंद पडत गेल्या. एका वस्तूच्या निर्यातीमुळे चलन वधारून बाकीची शेती व कारखानदारी आजारी पडते, या प्रकाराला अर्थशास्त्रात ‘डच आजार’ म्हणतात. १९५९ मध्ये ग्रोनिंगेनचा वायुसाठा सापडल्यावर नेदरलँड्समध्ये जे घडले, त्यावरून हे नाव पडले. आपले पाऊच यंत्र नायजेरियात आयात व्हावे लागत होते, याच्याही मुळाशी तीच परिस्थिती होती. थोडक्यात, सरकारने नळ दिला नाही म्हणून मागणी होती, देशात यंत्रे बनत नव्हती म्हणून ती कंपनीकडे येत होती, आणि तेल विकले जात होते म्हणून त्यांचे पैसे मिळत होते.

अडचण

जून २०१४ मध्ये ब्रेंट या प्रमाण मानल्या जाणाऱ्या कच्च्या तेलाचा भाव पिंपाला ११५ डॉलरच्या आसपास होता. तो वर्षअखेरीस साठच्या खाली आणि जानेवारी २०१६ मध्ये तीसच्याही खाली गेला. भारतासाठी ही दिलासा देणारी घटना होती, आयातीचे बिल उतरले. पण त्याच घसरणीने वागळे इस्टेटमधल्या या एका कारखान्याची वसुली थांबवली.

नायजेरियाच्या राष्ट्रीय उत्पन्नात तेलाचा वाटा दहा ते पंधरा टक्क्यांच्या दरम्यानच होता आणि संस्थापकांनी तेवढाच आकडा पाहिला होता. निर्यातीतून मिळणाऱ्या परकीय चलनात मात्र तेल आणि वायूचा वाटा नव्वद टक्क्यांहून अधिक होता. या दोन आकड्यांमधले अंतर हाच या प्रकरणाचा गाभा आहे. देशातली माणसे शेती करत होती, दुकाने चालवत होती, मोबाईल विकत होती, पिशवीतले पाणी पीत होती. पण ठाण्याच्या यंत्राचे पैसे नायरात, म्हणजे नायजेरियाच्या चलनात, चुकते होत नाहीत, त्याला डॉलर लागतात आणि ते एकाच नळातून येत होते.

नायजेरियाच्या मध्यवर्ती बँकेने नोव्हेंबर २०१४ मध्ये डॉलरचा अधिकृत दर १५५ वरून १६८ नायरा केला. फेब्रुवारी २०१५ मध्ये तो १९८ च्या आसपास गेला आणि मग तो तिथेच धरून ठेवण्यात आला. दर धरून ठेवला तरी डॉलर मागणाऱ्यांची रांग लांबत गेली. २३ जून २०१५ रोजी एक्केचाळीस वस्तूंची यादी निघाली. त्या वस्तूंच्या आयातीसाठी अधिकृत बाजारातून डॉलर मिळणार नव्हते. तांदूळ, सिमेंट, फरशा, लोखंडी सळया, टूथपिक, खासगी विमाने यांच्याबरोबर त्या यादीत भारतीय उदबत्तीही होती. पाऊच यंत्र यादीत नव्हते, पण ‘प्लॅस्टिक व रबराची उत्पादने’ होती आणि व्यापाऱ्याचा निम्मा धंदा त्यांवर चालत होता.

त्या वेळी कंपनीची चौदा यंत्रे आणि सुट्या भागांची काही खोकी मिळून सुमारे दीड कोटी रुपये येणे होते. नायजेरियात आयातदाराला ‘फॉर्म एम’ नावाचा अर्ज बँकेत भरावा लागतो आणि त्यावर परकीय चलनासाठी तो ग्राह्य आहे की नाही, याची नोंद असते. भाचीने मागवून घेतलेल्या प्रतींमध्ये चौदापैकी नऊ यंत्रांचे अर्ज ग्राह्य होते. म्हणजे ते डॉलरच्या रांगेत होते, उशीर लागला तरी पैसे येण्याची वाट खुली होती. उरलेल्या पाच यंत्रांसाठी व्यापाऱ्याने घाईत ‘परकीय चलनासाठी ग्राह्य नाही’ असा अर्ज भरून माल सोडवला होता. त्या पाच यंत्रांचे डॉलर त्याला समांतर, म्हणजे अधिकृत व्यवस्थेबाहेरच्या, बाजारातूनच घ्यावे लागणार होते आणि तिथला भाव अधिकृत दरापासून दूर पळत चालला होता. माल रवाना होण्यापूर्वी ही एक नोंद पाहण्याची पद्धत कंपनीत नव्हती.

इकडे ठाण्यातल्या बँकेची पत्रे सुरू झाली. निर्यातीचे पैसे नऊ महिन्यांत आणण्याची मुदत होती, पैसे न आल्याने शिपिंग बिले बँकेच्या संगणकीय नोंदीत उघडी दिसत होती आणि निर्यातीपोटी घेतलेल्या कर्जावर सवलतीचा व्याजदर जाऊन पूर्ण दर लागू झाला होता.

पुढ्यात असलेले पर्याय

पहिला पर्याय थांबण्याचा होता: नवा माल पाठवायचा नाही, व्यापाऱ्याला रांगेत उभे राहू द्यायचे. संस्थापकांचा कल सुरुवातीला याकडेच होता. पाच-सहा वर्षे ज्याने एकही हप्ता चुकवला नाही, त्याच्यावर दबाव आणणे त्यांना पटत नव्हते. ही भावना आदराची आहे, पण तिच्यात दोन गोष्टींची गल्लत होती. व्यापाऱ्याची नियत चांगली होती आणि त्याच्याकडे नायराही होते. त्याच्या देशाकडे डॉलर नव्हते. पहिल्या जोखमीची परीक्षा माणूस पाहून करता येते, दुसरीची नाही.

दुसरा पर्याय व्यापाऱ्याकडूनच आला. दुबईतला आपला एक ओळखीचा माणूस डॉलर देईल, मी त्याला इथे समांतर बाजाराच्या भावाने नायरा देईन, मात्र रकमेत वीस टक्के सूट द्या, असे त्याने कळवले. तिसऱ्या पक्षाकडून निर्यातीचे पैसे येणे आपल्या नियमांत बसते, पण ते बँकेमार्फत यावे लागतात आणि तो पक्ष कोण, त्याचा या व्यवहाराशी संबंध काय, हे कागदोपत्री दाखवावे लागते. दुबईच्या माणसाने कागद देण्याची तयारी दाखवली नाही. भाचीने तिथेच नकार दिला. पैशांची चणचण असताना, पगाराची तारीख तोंडावर आलेली असताना दिलेला हा नकार माझ्या मते या प्रकरणातला सर्वांत महत्त्वाचा आणि सर्वांत कमी चर्चा झालेला निर्णय आहे. त्या दिवशी होकार दिला असता, तर दीड कोटीच्या प्रश्नाचे रूपांतर कंपनीच्या अस्तित्वाच्या प्रश्नात झाले असते.

तिसरा पर्याय कच्च्या काजूचा होता आणि त्यावर सर्वाधिक वेळ गेला. नायजेरियात काजू पिकतो, आणि कोकणातले व चंदगड भागातले प्रक्रिया उद्योग आफ्रिकेतून कच्चा काजू आणतात. व्यापाऱ्याने नायरात काजू घेऊन पाठवायचा, कंपनीने तो वेंगुर्ल्याच्या ओळखीच्या कारखानदाराला विकायचा आणि बँकेच्या मंजुरीने येणे-देणे परस्पर वळते करायचे, अशी ही योजना होती. वेंगुर्ल्याच्या माणसाला ती मोहात पाडणारी होती यात नवल नाही. पण काजूची ओल, गराचा उतारा, हंगामाचा भाव यांतले कंपनीला काही कळत नव्हते, आणि यंत्रे बनवणाऱ्याने एका वस्तूच्या भावपडीतून सुटण्यासाठी दुसऱ्या वस्तूच्या भावावर पैज लावणे हा धोका होता. तरीही मला हा पर्याय टाकाऊ वाटत नाही. काजू कारखानदारालाच आयातदार करून, भावाची जोखीम त्याच्याकडे ठेवून, थोड्या रकमेवर तो आजमावता आला असता.

चौथा पर्याय गाळ्याचा. वागळे इस्टेट ही महाराष्ट्र औद्योगिक विकास महामंडळाच्या सुरुवातीच्या वसाहतींपैकी एक. तिथल्या अनेक जुन्या कारखान्यांच्या जागी आता काचेच्या इमारती उभ्या आहेत. शेजारच्या दोघांनी शेड विकून काम भिवंडीकडे हलवले होते आणि संस्थापकांनाही एक चांगली बोली आली होती. इथे अर्थशास्त्राचा तोच नियम आपल्या दारात दिसतो: जमिनीतून मिळणारा पैसा कारखान्यातून मिळणाऱ्या पैशाहून मोठा झाला की कारखाना चालवणारी माणसे, त्यांचे कसब आणि त्यांचा वेळ त्या कामातून निघून जाऊ लागतो. संस्थापकांनी बोली नाकारली. किसननगर आणि लोकमान्यनगरहून सायकलने येणारे फिटर भिवंडीला येणार नाहीत, हे त्यांचे कारण होते.

पाचवा पर्याय निर्यात विम्याच्या दाव्याचा. सुरुवातीच्या मालावर कंपनीने ईसीजीसी या सरकारी निर्यात विमा कंपनीचे संरक्षण घेतले होते. आयातदार देशातून चलन बाहेर येण्यास होणारा विलंब हा राजकीय जोखीम या सदरात मोडतो, म्हणजे नेमकी हीच परिस्थिती त्या संरक्षणात बसत होती. पण व्यापाऱ्यावरचा विश्वास वाढल्यावर, हप्ता वाचवण्यासाठी, शेवटच्या काही खेपांना ते घेतलेले नव्हते. त्यामुळे दावा जुन्या थकबाकीच्या लहानशा भागापुरताच करता येत होता.

निर्णय आणि कृती

सहा महिन्यांच्या चर्चेनंतर जे ठरले ते असे. नवे यंत्र आगाऊ पैशांशिवाय पाठवायचे नाही, पण सुटे भाग थांबवायचे नाहीत. व्यापाऱ्याची गिऱ्हाइके पाणी भरत राहिली, तरच त्याच्याकडे नायरा येत राहणार होते, आणि टेफ्लॉनची पट्टी न मिळाल्याने यंत्र बंद पडले तर सगळेच बुडणार होते. सुट्या भागांची किंमत लहान असल्यामुळे त्याला समांतर बाजारातून तेवढे डॉलर घेणे परवडत होते. व्यापाऱ्याने थकबाकीएवढे नायरा तिथल्या बँकेत जमा करून त्याचा दाखला दरमहा पाठवायचा, हेही ठरले. नऊ यंत्रांच्या वसुलीसाठी बँकेकडून मुदतवाढ घेतली. पाच यंत्रांच्या रकमेत दहा टक्के सूट देऊन व्यापाऱ्याने ती हप्त्यांनी, स्वतःच्या खात्यातून, बँकेमार्फत फेडायची असे लेखी झाले.

याच काळात भाचीने एक कोष्टक तयार केले. ज्या देशात माल विकायचा, त्याच्यापुढे राष्ट्रीय उत्पन्नाचा आकडा न लिहिता तिने चार गोष्टी लिहिल्या: निर्यातीत पहिल्या क्रमांकाच्या वस्तूचा वाटा किती, परकीय चलनाची गंगाजळी किती महिन्यांच्या आयातीला पुरेल, सरकारचा किती महसूल करांतून येतो, आणि चढत्या भावाच्या वर्षांत देशाने काही शिल्लक टाकली का.

शेवटच्या रकान्यात नायजेरियाची नोंद बोलकी आहे. जास्तीच्या तेल-उत्पन्नासाठी त्या देशाने २००४ मध्ये वेगळे खाते उघडले होते आणि २००८ च्या अखेरीस त्यात वीस अब्ज डॉलरच्या वर रक्कम होती. त्यानंतरच्या वर्षांत, विशेषतः २०११ ते २०१४ मध्ये, तेल शंभर डॉलरच्या वर असताना हे खाते फुगायला हवे होते. गव्हर्नरांनी वाटपाचा आग्रह धरला, खाते उपसले गेले, आणि भाव कोसळले तेव्हा त्यात पाव हिस्साही उरला नव्हता. २०१५ मध्ये अनेक राज्यांना नोकरांचे पगार देता येईनात आणि केंद्राला त्यांच्यासाठी मदत जाहीर करावी लागली.

तेल किंवा खनिज असले की देश बुडतोच, असा निष्कर्ष मात्र या कोष्टकातून निघत नाही आणि तसा काढू नये. अर्थतज्ज्ञ जेफ्री सॅक्स आणि अँड्र्यू वॉर्नर यांनी १९९५ मध्ये, साधनसंपत्तीच्या निर्यातीवर अवलंबून असलेल्या देशांची वाढ सरासरीने मंद राहिल्याचे दाखवले. पण सरासरीच्या आत फार वेगवेगळे देश आहेत. इंडोनेशियाला १९७० च्या दशकात नायजेरियासारखाच तेलाचा पैसा मिळाला. त्याने त्यातून भातशेतीला खते पुरवली, १९७३ नंतरच्या काही वर्षांत साठ हजारांहून अधिक प्राथमिक शाळा बांधल्या आणि १९७८ मध्ये चलनाचे अवमूल्यन करून बाकीची निर्यात जिवंत ठेवली. बोत्सवाना १९६६ मध्ये स्वतंत्र झाला तेव्हा जगातील अतिगरीब देशांत होता. वर्षभरात ओरापा येथे हिरे सापडले. सरकारने खाण कंपनीशी निम्म्या भागीदारीचा करार केला, पैसा शाळा, रस्ते आणि दवाखान्यांवर घातला, १९९४ मध्ये शिल्लक टाकण्यासाठी पुला फंड उभारला आणि कित्येक दशके जगातील सर्वांत वेगवान वाढींपैकी एक नोंदवली. तरीही हिऱ्यांवरचे अवलंबित्व गेले नाही, आणि हिऱ्यांची बाजारपेठ मंदावताच २०२४ मध्ये तिथली अर्थव्यवस्था आकसली.

झेवियर साला-इ-मार्टिन आणि अरविंद सुब्रमणियन या अर्थतज्ज्ञांनी २००३ मध्ये खुद्द नायजेरियाचा अभ्यास केला होता. तेलाने तिथल्या संस्था पोखरल्या, हे त्यांचे मुख्य प्रतिपादन होते आणि तेलाचा महसूल थेट नागरिकांना वाटावा, असे त्यांनी सुचवले होते. हेच सुब्रमणियन पुढे २०१४ ते २०१८ या काळात भारताचे मुख्य आर्थिक सल्लागार होते.

कोष्टकामुळे बांगलादेश आणि केनिया यांना प्राधान्य मिळाले. बांगलादेशाच्या निर्यातीत तयार कपड्यांचा वाटा ऐंशी टक्क्यांहून अधिक आहे, म्हणजे पहिल्या रकान्यात तोही नापास होतो. भाचीने त्यापुढे शेरा लिहिला की, कपड्यांचा भाव दीड वर्षात पावपट होत नाही आणि त्या डॉलरमागे लाखो बायकांचा पगार आहे. शेरा योग्य होता. मामांनी इथिओपियाचे नाव सुचवले होते. तिथे तेल नव्हते, कॉफी होती, वाढ वेगवान होती, पण गंगाजळी जेमतेम असल्याने दुसऱ्या रकान्यावर ते नाव गळले. डॉलरची टंचाई तेलवाल्या देशांपुरतीच मर्यादित नसते, हे या रकान्याने लक्षात आणून दिले.

केनियासाठी पाण्याचे यंत्र चालणार नव्हते. चहा आणि मसाल्याची भुकटी भरणारे यंत्र लागणार होते. त्यासाठी ऑगर फिलरची, म्हणजे फिरत्या स्क्रूने भुकटी मोजून सोडणाऱ्या भागाची, नवी रचना करण्यात आठ-नऊ महिने गेले.

परिणाम

जून २०१६ मध्ये नायजेरियाने अधिकृत दर मोकळा केला आणि २० जूनला पहिल्याच दिवशी डॉलर २८० नायरांच्या वर गेला. त्या वर्षी नायजर नदीच्या डेल्टा भागात तेलवाहिन्यांवर हल्ले झाले, उत्पादन घटले, आणि अर्थव्यवस्था दीड टक्क्याहून अधिक आकसली. ऑगस्टमध्ये मध्यवर्ती बँकेने साठ टक्के परकीय चलन कारखानदारांच्या कच्च्या मालासाठी व यंत्रांसाठी राखून ठेवायला सांगितले, तेव्हा नऊपैकी चार यंत्रांचे पैसे सुटले. बाकीच्या पाचांचे पैसे एप्रिल २०१७ मध्ये निर्यातदार-गुंतवणूकदारांसाठी परकीय चलनाची नवी खिडकी उघडल्यानंतर आले. ज्या पाच यंत्रांचे अर्ज चलनासाठी ग्राह्य नव्हते, त्यांच्यासाठी व्यापाऱ्याला फार सोसावे लागले: फेब्रुवारी २०१७ मध्ये समांतर बाजारात डॉलर ५०० नायरांच्या पुढे गेला होता, म्हणजे २०१५ मधल्या अधिकृत दराच्या अडीच पटीहून अधिक. त्याने तीन यंत्रांचे पैसे फेडले. दोन यंत्रांची रक्कम कंपनीने शेवटी बुडीत धरली.

सूट, व्याज आणि बुडीत रक्कम मिळून कंपनीचे नुकसान थकबाकीच्या साधारण चौथ्या हिश्श्याएवढे झाले. कायम कामगार राहिले. सहा कंत्राटी कामगारांचे काम गेले आणि त्यांतले दोघेच परत आले. २०१९ पर्यंत केनिया व बांगलादेश मिळून निर्यातीचा निम्मा भाग झाला होता.

निर्णयाच्या जागा आणि वेगळे काय करता आले असते

पहिली जागा एप्रिल २०१४ ची. उधारी वाढवताना व्यापाऱ्याची पत पाहिली गेली, देशाची पाहिली गेली नाही. राष्ट्रीय उत्पन्न मोजण्याची पद्धत बदलल्याने एका दिवसात देशाचा आकार मोठा दिसू लागला होता, पण एक डॉलरही जास्तीचा आला नव्हता. त्या आठवड्यात तेलाचा निर्यातीतील वाटा आणि जास्तीच्या उत्पन्नाच्या खात्यातली घसरण या दोन गोष्टी पाहिल्या असत्या, तर मर्यादा वाढवण्याऐवजी एलसीकडे परतणे शहाणपणाचे दिसले असते. ही माहिती गुप्त नव्हती. वर्तमानपत्रांत येत होती.

दुसरी जागा विम्याची. हप्ता माणसाच्या विश्वासार्हतेवर तोलला गेला, जोखीम मात्र चलनाची होती. भरवशाचा ग्राहक असतानाच राजकीय जोखमीचे संरक्षण सोडून देणे ही चूक लहान निर्यातदारांमध्ये सर्रास दिसते. या ठिकाणी मी संस्थापकांना फार दोष देत नाही, कारण त्यांना हप्त्याचे कोष्टक समजावून सांगणारे कोणी नव्हते. दोष असेल तर आपल्या उद्योजक संघटनांचा आहे, ज्या प्रदर्शने भरवतात पण अशा गोष्टी शिकवत नाहीत.

तिसरी जागा सुट्या भागांची. पुरवठा चालू ठेवण्याच्या निर्णयावर कारखान्यातच मतभेद होते. पैसे थकवणाऱ्याला माल का द्यायचा, हा हिशेबनिसांचा प्रश्न रास्त होता. परिणाम पाहता हा निर्णय बरोबर ठरला, पण त्याला वरची मर्यादा घालायला हवी होती. २०१६ च्या उत्तरार्धात सुट्या भागांचीही उधारी साचू लागली आणि ती वेळीच कोणाच्या लक्षात आली नाही.

चौथी जागा २०२२ मधली. युक्रेन युद्धानंतर तेल पुन्हा शंभर डॉलरच्या वर गेले आणि व्यापाऱ्याने जुन्या अटींवर यंत्रे मागितली. संस्थापकांचे मन द्रवले होते. भाचीने कोष्टक पुन्हा भरले. भाव चढे असूनही नायजेरियाचे उत्पादन चोरी व गळतीमुळे खालावलेले होते, सरकारी तेलशुद्धीकरण कारखाने बंद असल्याने पेट्रोल बाहेरून आणावे लागत होते, आणि चढा भाव अनुदानातच खर्ची पडत होता. तेल महाग, तरी गंगाजळी वाढत नाही, असे ते विचित्र वर्ष होते. कंपनीने उधारी नाकारली, पण चाळीस टक्के आगाऊ आणि बाकीची रक्कम माल न्हावाशेवाहून निघण्यापूर्वी, या अटीवर तीन यंत्रे दिली. जून २०२३ मध्ये नायजेरियाने डॉलरचे वेगवेगळे दर एकत्र केले तेव्हा ४७० च्या आसपासचा अधिकृत भाव काही दिवसांत ७५० च्या घरात गेला. त्या दिवशी कंपनीचे तिथे येणे शून्य होते.

सध्याचा नियम असा आहे: ज्या देशाच्या निर्यातीत एका खनिजाचा वाटा निम्म्याहून जास्त आहे, तिथे आगाऊ रक्कम किंवा दुसऱ्या देशातील बँकेने हमी दिलेली एलसी, आणि कोणत्याही एका देशात एकूण निर्यातीच्या पाचव्या हिश्श्याहून अधिक नाही. नियमाने कंपनी सुरक्षित झाली, पण तो झांबियातल्या किंवा घानातल्या एखाद्या होतकरू कारखानदाराला दाराबाहेर ठेवतो, जो आपल्या देशाला तांब्याच्या आणि सोन्याच्या पलीकडे न्यायला धडपडतो आहे आणि ज्याला हेच यंत्र हवे आहे. त्याच्यासाठी भाडेपट्ट्यावर यंत्र देता येईल का, याची चाचपणी भाची करत आहे. बँकेचे उत्तर अजून आलेले नाही.